ट्रान्सपरन्सीचा स्विच चालू, तरी टास्कबार गच्च: विंडोजमधली पारदर्शकता सारखी का जाते आणि परत कशी आणायची

टास्कबार आणि स्टार्ट मेनू कालपर्यंत अर्धपारदर्शक होते, मागचा वॉलपेपर धूसर दिसत होता. आज सगळं गच्च करडं. सेटिंग्ज उघडून बघावं तर ट्रान्सपरन्सी इफेक्ट्सचा स्विच जागच्या जागी चालू. बंद करून पुन्हा चालू केला तर कधी जमतं, कधी नाही. आणि जमलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

तो स्विच विंडोजला फक्त परवानगी देतो. ती परवानगी वापरायची की नाही, हे विंडोज त्या क्षणाची परिस्थिती बघून ठरवतं: बॅटरी वाचवायची आहे का, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) धड आहे का, कॉन्ट्रास्ट थीम (नीट दिसावं म्हणून ठसठशीत रंगांची मांडणी) लागली आहे का, विंडो समोर आहे की मागे गेली आहे. यातलं काहीही आडवं आलं की पारदर्शक भागाच्या जागी सपाट रंग येतो, आणि स्विच मात्र 'ऑन'च दिसत राहतो. म्हणून तोच स्विच पुन्हा पुन्हा खालीवर करण्यात अर्थ नाही.

मेनूंची नावं इथे विंडोज ११ च्या इंग्रजी मांडणीनुसार दिली आहेत. विंडोज मराठीत लावलं असेल तर शब्द वेगळे दिसतील, जागा त्याच राहतील. रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथली) आणि कमांडची नावं मात्र टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

पहिला प्रश्न: बिघाड असताना स्विच काय दाखवतो?

पारदर्शकता गेलेली असतानाच, दुसरं काही न करता, विंडोज कळ + आय दाबा आणि पर्सनलायझेशनमधून कलर्समध्ये जा. ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स 'ऑन' आहे की 'ऑफ' ते फक्त बघा. हात लावू नका.

'ऑन' असेल तर वरून कोणीतरी अडवतंय: बॅटरी, ड्रायव्हर, कॉन्ट्रास्ट किंवा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर काम करणं. 'ऑफ' असेल तर कोणीतरी तो बंद करतंय, आणि तो कोण हे शोधून काढता येतं. हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत. बहुतेक लोक आधी स्विच फिरवतात आणि मग विचार करतात, त्यामुळे हा पुरावा हातातून जातो.

हाच स्विच ॲक्सेसिबिलिटीमधल्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्येही आहे. दोन्ही ठिकाणी सेटिंग एकच, दारं दोन. घरात आणखी कोणी डोळ्यांना त्रास होतो म्हणून ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तो बंद केला असेल तर कलर्समध्येही तो बंदच दिसणार. विंडोज १० मध्ये हे दुसरं दार ईझ ऑफ ॲक्सेस, डिस्प्लेमध्ये 'शो ट्रान्सपरन्सी इन विंडोज' या नावाने आहे.

पर्सनलायझेशनचं पानच कुलूपबंद दिसत असेल आणि वर ॲक्टिव्हेट करा असा मजकूर असेल, तर गाडी तिथेच अडली आहे. विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट झाल्याशिवाय ते पान उघडत नाही. त्यासाठी इंटरनेटवरचं फुकटचं ॲक्टिव्हेटर वापरलंत तर पारदर्शकतेपेक्षा मोठं दुखणं घरात येईल.

गेलीय ती नक्की कोणती पारदर्शकता?

विस्टाच्या काळात काच म्हटलं की एकच प्रकार होता, एरो. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ती काच काढून टाकली. आता विंडोजमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्म्या तक्रारी त्यांची सरमिसळ झाल्यामुळे येतात.

ॲक्रिलिक म्हणजे मागे जे काही असेल ते धूसर करून दाखवणारा थर. स्टार्ट मेनू, राइट क्लिकचा मेनू, आवाजाची छोटी पट्टी अशा पटकन उघडून पटकन बंद होणाऱ्या गोष्टींना हा असतो. मागची विंडो हलवली की ॲक्रिलिकमधून तिचे रंग हलताना दिसतात.

मायका २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर आला. सेटिंग्ज, फाइल एक्सप्लोरर अशा बराच वेळ उघड्या राहणाऱ्या विंडोंना तो लागतो. मायका खऱ्या अर्थाने पारदर्शक नाहीच. तो वॉलपेपरचा रंग एकदा उचलतो आणि त्याची फिकट छटा विंडोच्या पाठीला देतो. मागे लाल रंगाची दुसरी विंडो सरकवली तरी मायकावर काडीचा फरक पडत नाही. फाइल एक्सप्लोररच्या मागे क्रोम ठेवून 'काही दिसत नाही' म्हणणाऱ्यांचं मशीन बिघडलेलं नसतं.

दोघांचा एक समान नियम: विंडो समोरून मागे गेली, म्हणजे तुम्ही दुसरीकडे क्लिक केलं, की ॲप सहसा तो थर काढून सपाट रंग देतं. क्लिक केल्यावर पारदर्शकता येते आणि बाहेर क्लिक केलं की जाते, एवढीच तुमची तक्रार असेल तर इथेच थांबा. ते मुद्दाम तसंच बनवलं आहे आणि विंडोजमध्ये ते बदलायचा स्विच नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अख्खी विंडो अक्षरांसकट फिकी करणं. हे विंडोज स्वतःहून करत नाही, दुसरं टूल करतं. त्याचं शेवटी बघू.

चाचणी अशी करा. वॉलपेपर बदलून भडक रंगांचा, अर्धा लाल अर्धा पिवळा असा फोटो लावा. एकरंगी काळ्या वॉलपेपरवर पारदर्शक टास्कबार आणि गच्च टास्कबार यांत डोळ्यांना फरकच कळत नाही. मग सगळ्या विंडो मिनिमाइज करून स्टार्ट मेनू उघडा. मेनूच्या पाठीवर त्या रंगांची छटा आली तर ॲक्रिलिक ठणठणीत आहे आणि तुमची अडचण एका ॲपपुरती किंवा टास्कबारपुरती आहे. छटा आली नाही तर पुढे वाचा.

टास्कबारपुरती असेल तर कलर्सच्याच पानावर 'शो ॲक्सेंट कलर ऑन स्टार्ट अँड टास्कबार' बघा. ते चालू असलं की टास्कबारवर ॲक्सेंटचा, म्हणजे थीमसाठी निवडलेला रंग इतका दाट चढतो की मागचं जेमतेम जाणवतं. लाइट मोडमध्ये हे बटण करडं होऊन बसतं, चालत नाही. ते वापरायचं तर मोड डार्क किंवा कस्टम हवा.

स्विच चालू, पण परिणाम नाही

पहिला संशयित बॅटरी. बॅटरी सेव्हर किंवा नव्या आवृत्तीतला एनर्जी सेव्हर लागला की विंडोज ॲक्रिलिक आणि मायका दोन्ही काढून टाकतं. स्विच जसाच्या तसा चालू दिसतो. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, ठरलेल्या टक्क्याच्या खाली उतरला की पारदर्शकता गेली. लाइट आली, चार्जर लागला की परत आली. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे ही तक्रार अगदी 'आपोआप होतं' अशीच वाटते.

सिस्टिममधल्या पॉवर अँड बॅटरीत जा आणि एनर्जी सेव्हर उघडा. आपोआप कधी चालू व्हायचं त्याचा टक्का तिथे असतो. तो कमी करा किंवा 'नेव्हर' करा. स्क्रीनचा उजेड कमी करण्याचं बटणही तिथेच आहे. पारदर्शकता गेली त्याच वेळी स्क्रीनही मंद झाली असेल, तर तुमचं कारण सापडलंच म्हणून समजा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एनर्जी सेव्हर कायमचा चालू ठेवायची सोय आहे आणि ती बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवरही आहे. विंडोज कळ + ए दाबून क्विक सेटिंग्जमध्ये तो पेटलेला आहे का बघा. चुकून बोट लागून चालू राहतो आणि मग महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

यूपीएसची गंमत वेगळीच. यूपीएसची यूएसबी वायर डेस्कटॉपला जोडलेली असेल तर विंडोज त्या यूपीएसलाच बॅटरी समजतं आणि कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह येतं. मग लॅपटॉपचे सगळे नियम डेस्कटॉपलाही लागू होतात. अशा मशीनवर लाइट जाताच पारदर्शकता जात असेल तर एनर्जी सेव्हरचा टक्काच बदला. डेटा वायर काढू नका, वेळेवर शटडाउन करायला तीच उपयोगी पडते.

दुसरा संशयित ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आणि वारंवार येणाऱ्या बिघाडांत हाच सर्वांत चिवट. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स पसरा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव हवं. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसत असेल तर कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर चालत नाहीये, आणि चित्र रंगवण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडलंय. अशा अवस्थेत विंडोज धूसर थर दाखवतच नाही. सोबतची लक्षणंही ओळखीची असतात: रिझोल्यूशन अडकून बसतं, लॅपटॉपवर ब्राइटनेसची पट्टी गायब होते, विंडो ओढताना चित्र फाटतं.

इथला उपाय म्हणजे लॅपटॉप असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवरून आणि जोडणी केलेलं मशीन असेल तर कार्डाच्या किंवा प्रोसेसरच्या कंपनीकडून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाकणं. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असली टूल्स वापरू नका, चुकीचा ड्रायव्हर त्यांच्यातूनच येतो.

नाव बरोबर आहे पण विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल, तर अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. ते बटण करडं असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही, नव्यानेच टाकावा लागेल. जुना ड्रायव्हर टाकल्यावर तारीख आणि आवृत्ती त्याच टॅबमधून कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या अपडेटने तो पुन्हा बदलला का, हे मग एका नजरेत कळतं.

पारदर्शकता अधूनमधूनच जाते आणि रीस्टार्टनंतर परत येते, असं असेल तर ड्रायव्हर मध्येच कोसळून सावरत असण्याची शक्यता मोठी. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. स्रोत 'डिस्प्ले' असतो आणि मजकुरात ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं व तो पुन्हा सावरला असं लिहिलेलं असतं. या नोंदीची वेळ आणि पारदर्शकता गेल्याची वेळ जुळली तर दिसण्याच्या सेटिंग्ज सोडा आणि ड्रायव्हर, कार्डाचं तापमान, ओव्हरक्लॉक (कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) यांच्या मागे लागा. तात्पुरता उपाय म्हणून विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बीप वाजते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत.

'मी तर रोज रात्री मशीन बंद करतो, तरी बिघाड सकाळी तसाच' यामागे फास्ट स्टार्टअप असतो. तो चालू असताना शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर साठवून सकाळी तीच उचलली जाते. ड्रायव्हरशी संबंधित काहीही तपासताना शटडाउन करू नका, रीस्टार्ट करा. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ बसवलं असेल तर विंडोज कळ + आर दाबून डीएक्सडायग (dxdiag) चालवा आणि डिस्प्ले टॅबमध्ये ड्रायव्हर मॉडेल वाचा. विंडोज ११ ला डब्ल्यूडीडीएम २.० किंवा पुढचं लागतं. तिथे १ ने सुरू होणारा आकडा असेल तर त्या कार्डाकडून या दिसण्याची अपेक्षा सोडलेली बरी.

तिसरा संशयित कॉन्ट्रास्ट थीम. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबल्या की ती लागते, आणि स्क्रीनशॉट घेण्याच्या गडबडीत हे होऊ शकतं. पूर्ण काळी-पिवळी स्क्रीन झाली तर लगेच कळतं, पण थीम सौम्य निवडलेली असेल तर फक्त 'रंग विचित्र झाले' एवढंच जाणवतं. त्याच तीन कळा पुन्हा दाबा, किंवा ॲक्सेसिबिलिटीतून कॉन्ट्रास्ट थीम्समध्ये 'नन' निवडा.

रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर शिरला असाल तर तिथला गच्च टास्कबार हा बिघाड धरू नका. लांबून चित्र पाठवताना हे थर वगळले जातात. त्या मशीनसमोर प्रत्यक्ष बसून बघितल्याशिवाय तिथल्या सेटिंग्ज बदलू नका. व्हर्च्युअल मशीनमध्येही, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या मशीनमध्येही तसंच. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर गेस्ट ॲडिशन्स बसवा, मशीन बंद करून डिस्प्लेमध्ये थ्री-डी ॲक्सेलरेशन चालू करा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी द्या. मग काय दिसतं ते बघा.

आणि एक जागा जिथे लोक उगाच जातात: सिस्टिम प्रॉपर्टीजमधली परफॉर्मन्स ऑप्शन्सची यादी. तिथे 'ट्रान्सल्यूसंट सिलेक्शन रेक्टँगल' अशी ओळ आहे, पण ती डेस्कटॉपवर माउस ओढताना होणाऱ्या निळ्या चौकोनापुरती. विंडोच्या पारदर्शकतेची ओळ त्या यादीत नाहीच. तिथे कोणीतरी 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडून ठेवलं असेल तर ॲनिमेशन जातात आणि अक्षरांच्या कडांचा मऊपणाही जातो. देवनागरीत हे फार खुपतं: वेलांट्या आणि जोडाक्षरं दातेरी दिसतात, लहान आकारात 'ष' आणि 'प' सारखेच वाटू लागतात. 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही एक ओळ परत टिक करा, बाकी तुमची मर्जी.

स्विच स्वतःच बंद झालेला सापडतो

आता दुसरा रस्ता. कोणतंतरी सॉफ्टवेअर तो बंद करतंय. सहसा हे 'पीसी फास्ट करा' छापाचं ऑप्टिमायझर असतं, गेम बूस्टर असतो, लॅपटॉपसोबत आलेलं परफॉर्मन्स मोडचं टूल असतं, किंवा कधीतरी उत्साहाच्या भरात चालवलेली डीब्लोट स्क्रिप्ट (विंडोजमधल्या नको असलेल्या गोष्टी काढणारी) असते जी स्वतःचं एक शेड्यूल्ड टास्क मागे ठेवून गेली आहे.

हा स्विच रजिस्ट्रीत एका आकड्याच्या रूपात राहतो. जागा: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, थीम्स, पर्सनलाइझ. त्यातली एनेबलट्रान्सपरन्सी (EnableTransparency) ही ३२ बिटची डीवर्ड, म्हणजे आकड्याची नोंद. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. त्याच्या शेजारी ॲप्सयूजलाइटथीम आणि सिस्टमयूजेसलाइटथीम दिसतील, म्हणजे बरोबर ठिकाणी आला आहात. हाताने बदलण्याआधी पर्सनलाइझ या कीवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट घ्या. बदलल्यावर परिणाम लगेच दिसला नाही तर टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोरर निवडून रीस्टार्ट करा, तरीही नाही तर साइन आउट करून परत या.

इथे एक फसवी जागा आहे. ही की करंट यूजरची, म्हणजे ज्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर चालतोय त्या खात्याची. तुमचं रोजचं खातं साधं असेल आणि तुम्ही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून दुसऱ्या खात्याचा पासवर्ड टाकला, तर समोर उघडते ती त्या दुसऱ्या खात्याची रजिस्ट्री. तुम्ही १ करता, सेव्ह होतं, आणि तुमच्या खात्यात काहीच बदलत नाही. बॅच फाइलमधून हा बदल करणाऱ्यांचंही नेमकं असंच होतं. ही की बदलायला ॲडमिन अधिकार लागत नाहीत. आपल्याच खात्यातून साधेपणाने उघडा.

चोर पकडायचा तर कोणता प्रोग्रॅम कशाला हात लावतो ते दाखवणारं प्रोसेस मॉनिटर, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं, फुकट मिळतं. ते ॲडमिन म्हणून चालवा. कंट्रोल + एल दाबून फिल्टर उघडा. पहिली अट: पाथ, कंटेन्स, एनेबलट्रान्सपरन्सी, इन्क्लूड, ॲड दाबा. दुसरी अट: ऑपरेशन, इज, रेगसेटव्हॅल्यू, इन्क्लूड, पुन्हा ॲड. मग फिल्टर मेनूत 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स'वर टिक करा. हे टिक विसरलात तर मॉनिटर पडद्याआड मशीनवरची प्रत्येक हालचाल साठवत राहतो आणि तासाभरात मेमरी खाऊन मशीन जेरीस आणतो.

सापळा नीट लागला का ते आधी तपासा: सेटिंग्जमध्ये जाऊन स्विच एकदा बंद-चालू करा. यादीत सिस्टमसेटिंग्ज या प्रोसेसच्या नावाने ओळी उमटल्या पाहिजेत. नाही उमटल्या तर फिल्टरमधलं स्पेलिंग चुकलंय. उमटल्या की मॉनिटर तसाच चालू ठेवून आपलं काम करा. पारदर्शकता जाईल तेव्हा शेवटची ओळ कोणाची आहे ते बघा. तिच्यावर डबल क्लिक केलं की प्रोसेस टॅबमध्ये त्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आणि कमांड लाइन मिळते, डीटेलमध्ये लिहिलेला आकडा ० दिसतो.

ओळ ऑप्टिमायझरच्या नावाची असेल तर काम सोपं, त्याच्या सेटिंग्जमध्ये ते बंद करा किंवा त्यालाच काढा. ती पॉवरशेल किंवा रेग या नावाची असेल तर तो नुसता हमाल आहे, सांगणारा दुसराच. कमांड लाइनमध्ये स्क्रिप्टचा पत्ता असतो. टूल्समधल्या प्रोसेस ट्रीत तिला कोणी सुरू केलं ते दिसतं. वर एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारी प्रोसेस) दिसला तर टास्क शेड्यूलर लायब्ररी उघडून ट्रिगर्सच्या रकान्यात 'ॲट लॉग ऑन' असलेली टास्क एकेक करून बघा. अनोळखी टास्क लगेच डिलीट करू नका. आधी डिसेबल करा, चार दिवस बघा.

बिघाड साइन इन होताना, म्हणजे तुम्ही मॉनिटर उघडण्याच्या आधीच होत असेल तर ऑप्शन्समध्ये एनेबल बूट लॉगिंग करून रीस्टार्ट करा. परत आल्यावर मॉनिटर उघडला की तो साठवलेली नोंद सेव्ह करायला विचारतो. ही फाइल चांगलीच अगडबंब होते, डिस्कवर काही जीबी मोकळी ठेवा.

हे सगळं जड वाटत असेल तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरची सॉफ्टवेअर बंद ठेवून विंडोज सुरू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशन, सर्व्हिसेस टॅब, आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक आणि मगच डिसेबल ऑल. हा क्रम उलटा झाला तर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेसही बंद पडतात आणि भलताच घोळ होतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समधलंही सगळं डिसेबल करून रीस्टार्ट करा. त्रास थांबला तर निम्म्या गोष्टी चालू करा, पुन्हा बघा. निम्मं निम्मं करत गेलं की तीस गोष्टींतून एक सापडायला पाच-सहा रीस्टार्ट पुरतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत हा खटाटोप करू नका. तिथली मशीनं बरेचदा प्रत्येक रीस्टार्टला मूळ अवस्थेत परत येतील अशी लावलेली असतात.

टास्कबार पारदर्शक करणारी टूल्स

विंडोजची स्वतःची पारदर्शकता पुरेशी वाटत नाही म्हणून ट्रान्सल्यूसंटटीबी (TranslucentTB) हे टूल वापरणारे बरेच. टूल चांगलं आहे, मुक्त स्रोत आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर आहे. पण ते विंडोजच्या टास्कबारला बाहेरून पकडून त्याचा रंग बदलतं. विंडोजच्या अपडेटने टास्कबारची आतली रचना बदलली की पकड सुटते. म्हणून मोठ्या अपडेटनंतर बिघडलं तर आधी टूलचं अपडेट बघा, विंडोज परत मागे नेण्याच्या भानगडीत पडू नका.

दर रीस्टार्टला जात असेल तर ट्रेमधल्या त्याच्या आयकॉनवर क्लिक करून 'ओपन ॲट बूट' चालू आहे का बघा, आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समध्ये ते डिसेबल तर नाही ना, तेही. विंडो मोठी केली की टास्कबार गच्च होतो, ही तक्रार असेल तर मॅक्सिमाइझ्ड विंडोसाठीचा नियम वेगळा लावलेला आहे. डेस्कटॉप, दिसणारी विंडो, मॅक्सिमाइझ्ड विंडो, स्टार्ट उघडा असताना, बॅटरी सेव्हर असताना, अशा प्रत्येक अवस्थेचा नियम त्यात स्वतंत्र असतो.

एका वेळी अशी दोन टूल्स चालवू नका. एक क्लिअर करतं, दुसरं ॲक्रिलिक लावतं, आणि टास्कबार लुकलुकत राहतो. पारदर्शकतेची तक्रार तपासताना ही सगळी टूल्स आधी बंद करा, एक्सप्लोरर रीस्टार्ट करा आणि निखळ विंडोज काय दाखवतं ते बघा.

टर्मिनल, एडिटर आणि बाकी विंडो

विंडोज टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या विंडोची) पारदर्शकता वेगळी चालते आणि चांगली चालते, कारण तिथे फक्त पाठ पारदर्शक होते, अक्षरं ठसठशीत राहतात. कंट्रोल + शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवा, अपारदर्शकता कमीजास्त होते. पण हा बदल त्या उघड्या विंडोपुरता. पुढच्या वेळी उघडलं की गेला. कायमचा हवा तर सेटिंग्ज, प्रोफाइल्समधलं डीफॉल्ट्स, अपीअरन्स, बॅकग्राउंड ओपॅसिटी. ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान वाचायला त्रास होत नाही, ७० च्या खाली मागच्या पांढऱ्या वेब पेजवर अक्षरं हरवतात.

डीफॉल्ट्समध्ये ठेवूनही पॉवरशेलच्या टॅबला लागत नसेल तर पॉवरशेलच्या प्रोफाइलमध्ये वेगळा आकडा दिलेला आहे. प्रोफाइलचं ऐकलं जातं, डीफॉल्ट्सचं नाही. त्या ओळीशेजारी रीसेटचा छोटा बाण असतो, तो दाबला की प्रोफाइल पुन्हा डीफॉल्ट्सच्या मागे चालतं. विंडोज १० वर धूसर न करता नुसतं आरपार दाखवणं टर्मिनलला जमत नाही. तिथे अपारदर्शकता कमी केली की ॲक्रिलिकच लागतं, आणि मग बॅटरी सेव्हरपासूनचे वरचे सगळे नियम टर्मिनललाही लागू होतात.

नोटपॅड, कॅल्क्युलेटर किंवा पीडीएफ वाचक अशी कोणतीही विंडो फिकी करायची तर ऑटोहॉटकी लागतं, म्हणजे कळा दाबून छोट्या स्क्रिप्ट चालवणारं टूल. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत विनसेटट्रान्सपरंट (WinSetTransparent) या फंक्शनला ० ते २५५ मधला आकडा आणि पुढे 'ए' म्हणजे समोरची विंडो एवढं द्यायचं. २५५ म्हणजे पूर्ण गच्च, २०० ला मागचं हलकं दिसतं, १५० च्या खाली वाचन अवघड. ० दिलंत तर विंडो दिसेनाशी होते पण ऑल्ट + टॅबमध्ये असते. म्हणून परत २५५ करणारी दुसरी हॉटकी आधी लिहून ठेवा, मग प्रयोग करा.

हे टास्क मॅनेजरवर किंवा ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर चालत नाही, बाकी सगळीकडे चालतं, अशी तक्रार हमखास येते. कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या विंडोला हात लावू द्यायचा नाही हा विंडोजचा सुरक्षेचा नियम आहे. स्क्रिप्ट ॲडमिन म्हणून चालवली तर चालेल, पण मग त्या स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ ॲडमिनच्या अधिकारात चालते. फक्त दिसण्यासाठी हा सौदा मला तरी महाग वाटतो.

विज्युअल स्टुडिओ कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये पारदर्शकतेचं स्वतःचं सेटिंग नाही. ती देणारी एक्स्टेन्शन्स प्रोग्रॅमच्या मूळ फाइलींतच फेरफार करतात, म्हणून 'इन्स्टॉलेशन करप्ट आहे, पुन्हा इन्स्टॉल करा' असा इशारा येतो आणि दर अपडेटला त्या फाइली नव्या आल्या की पारदर्शकता पुसली जाते. अपडेटनंतर एक्स्टेन्शनची इन्स्टॉल कमांड पुन्हा चालवायची, एडिटर पूर्ण बंद करून उघडायचा. एक्स्टेन्शन काढण्याआधी तिची अनइन्स्टॉल कमांड चालवा, नुसती डिलीट करू नका, नाहीतर बदललेल्या फाइली तशाच मागे राहतात आणि एडिटर कधीकधी काळ्या पडद्याने उघडतो. तसं झालंच तर एडिटर त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल करा. सेटिंग्ज आणि बाकी एक्स्टेन्शन्स यूजरच्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही.